टाळ्या वाजविणारे हात, यान घडविणारे हात

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी 'विक्रम' चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशात अलगद उतरला आणि अवघ्या देशाने एकाच क्षणी टाळ्या वाजविल्या. घराघरांत, शाळांच्या सभागृहांत, चौकातल्या दुकानांत लोक पडद्यासमोर उभे होते. असे क्षण राष्ट्राच्या आयुष्यात फार थोडे येतात. त्या क्षणाची आठवण म्हणून २३ ऑगस्ट हा दिवस 'राष्ट्रीय अंतराळ दिन' ठरला आणि २०२४ पासून तो देशभर साजरा होऊ लागला. हे उचितच झाले. परंतु दिन साजरे करण्यात भारतीय समाज जितका उत्साही आहे, तितकाच ते दिन निरर्थक करून टाकण्यातही तरबेज आहे. म्हणूनच या दिनाचे स्वरूप अजून घडत असतानाच काही गोष्टींचा विचार व्हायला हवा.

सध्या हा दिवस बहुतेक ठिकाणी कसा पार पडतो? दीपप्रज्वलन होते, पाहुण्यांचा परिचय होतो, परिचयाहून लांब भाषण होते. मग प्रश्नमंजूषा, चित्रकला स्पर्धा आणि पडद्यावर एखादी चित्रफीत. यात वाईट काहीच नाही. आयोजकांचा हेतू चांगला असतो, मुलेही शांत बसतात. पण कार्यक्रम संपवून मूल घरी जाते, तेव्हा त्याचे हात आले तसेच रिकामे असतात. त्याने काही मोजलेले नसते, जोडलेले नसते, मोडलेले नसते. पाहणे आणि ऐकणे एवढेच त्याच्या वाट्याला आलेले असते. यान घडविणाऱ्या पिढ्या केवळ पाहून आणि ऐकून तयार होत नाहीत, ही साधी गोष्ट या साऱ्या सोहळ्यात नजरेआड होते.

यावर उपाय खर्चिक नाही आणि अवघडही नाही. वर्षातून एक-दोन सायंकाळी प्रत्येक वस्तीत, प्रत्येक गावात अवकाशविज्ञानाचे प्रयोग सर्वांसाठी खुले आणि विनामूल्य मांडावेत. व्यासपीठ नको, हारतुरे नकोत. एखाद्या शाळेचे सभागृह, मंगल कार्यालय किंवा देवळाचा सभामंडप असला तरी चालेल. आठ-दहा टेबले किंवा सतरंज्या मांडाव्यात, प्रत्येकीवर एक प्रयोग आणि प्रत्येक प्रयोगापाशी एक कार्यकर्ता. त्याने कमी बोलावे, जास्त विचारावे आणि करायचे ते मुलांना करू द्यावे. मुलांसोबत आलेल्या आई-वडिलांनी, आजी-आजोबांनीही भिंतीला टेकून न बसता हात लावावा. अशा सायंकाळी काय घडू शकते, हे एकदा डोळ्यांसमोर आणावे.

पहिल्या सतरंजीवर बावीस सेंटिमीटर व्यासाचा फुटबॉल ठेवावा आणि ही पृथ्वी आहे, असे सांगावे. सहा सेंटिमीटरचा, म्हणजे टेनिसच्या चेंडूहून किंचित लहान चेंडू मुलाच्या हाती द्यावा आणि हा चंद्र योग्य अंतरावर ठेवायला सांगावे. पाठ्यपुस्तकातील चित्रे पाहिलेली बहुतेक मुले तो हातभर अंतरावर ठेवतात. मोठी माणसेही तेच करतात. दोरी घेऊन मोजले की कळते, चंद्र साडेसहा मीटरहून दूर, सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला न्यावा लागतो. पृथ्वीपासून चंद्रापर्यंतच्या अंतरात तीस पृथ्व्या एकापुढे एक ठेवता येतात. याच मापाने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक फुटबॉलच्या पृष्ठभागापासून जेमतेम हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या अंतरावरून फिरत असते. सूर्याचा अभ्यास करणारे 'आदित्य-एल१' सव्वीस मीटरवर, म्हणजे शाळेच्या अंगणात असते. आणि सूर्य? तो अडीच किलोमीटरहून दूर, दुसऱ्या गावात, चोवीस मीटर व्यासाचा! ज्या मुलाने हा चंद्र स्वतः उचलून साडेसहा मीटर दूर नेऊन ठेवला, त्याला 'चंद्रयान' या शब्दाचा अर्थ पुन्हा सांगावा लागत नाही.

दुसऱ्या सतरंजीवर परातीत बारीक वाळू आणि तिच्यावर रांगोळीचा पातळ थर असावा. वेगवेगळ्या उंचीवरून गोट्या टाकल्या की चंद्रावरची विवरे डोळ्यांदेखत तयार होतात. उंची वाढविली की विवर रुंदावते आणि पांढऱ्या थराखालची वाळू किरणांसारखी बाहेर फेकली जाते. तिसऱ्या ठिकाणी अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावावा. मुलाने काठीला टोचलेला चेंडू हातात धरून स्वतःभोवती फिरावे. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, हा मोठ्यांच्याही मनात घर करून बसलेला गैरसमज तिथे एका गिरकीत निघून जातो.

चौथ्या ठिकाणी मातीची पणती असावी. कागद, सुतळी, कापूस, फुगे आणि पुठ्ठा देऊन मुलांना सांगावे, ही पणती पहिल्या मजल्यावरून खाली सोडायची आहे, पण फुटू द्यायची नाही. हवाई छत्री करण्याची कल्पना बहुतेकांना सुचते. छत्री यशस्वी झाली की कार्यकर्त्याने विचारावे, 'चंद्रावर हवा नाही. तिथे ही छत्री उघडून काय उपयोग?' मुले क्षणभर गप्प होतात आणि विचार सुरू होतो. सुमारे तीस किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला जवळपास पावणेदोन किलोमीटर या वेगाने जाणाऱ्या 'विक्रम'ला चार इंजिनांच्या उलट्या जोराने सुमारे एकोणीस मिनिटांत शांतपणे खाली बसवायचे म्हणजे काय, हे ज्याने दोन पणत्या फोडल्या आहेत त्याला अधिक नेमके समजते.

आणि अंगणात प्लॅस्टिकच्या बाटलीचा अग्निबाण. एक तृतीयांश पाणी, बुचातून बसविलेली व्हॉल्व्हची नळी आणि सायकलचा पंप. बाटली रिकामी असेल तर ती फारशी उडत नाही, काठोकाठ भरली तरीही नाही. मग पाणी किती घ्यावे? याचे उत्तर कार्यकर्त्याने सांगू नये. मुलांनी दहा वेळा उडवून, प्रत्येक वेळी मोजून, वहीत लिहून ते शोधावे. पंपापाशी मोठे माणूस असावे, मुलांना आखलेल्या रेषेमागे उभे करावे. तेवढी शिस्त या खेळाचाच भाग आहे.

हे पोरखेळ वाटत असतील, तर भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा इतिहास आठवावा. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा येथून पहिला अग्निबाण झेपावला, तेव्हा त्या केंद्राचे कार्यालय एका जुन्या चर्चच्या इमारतीत होते आणि अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले जात. १९८१ साली 'अ‍ॅपल' या दळणवळण उपग्रहाची चाचणी घ्यायची होती. धातूच्या वाहनामुळे रेडिओ लहरींत अडथळा येऊ नये म्हणून तो बैलगाडीवर ठेवण्यात आला. या छायाचित्रांकडे पाहून कुणी दारिद्र्याची कीव केली, कुणी साधेपणाचे कौतुक केले. खरा धडा वेगळाच आहे. त्या माणसांना आपल्या यंत्राची गरज नेमकी ठाऊक होती आणि हाताशी असलेल्या वस्तूतून ती भागविण्याची बुद्धी व धिटाई त्यांच्यापाशी होती. हा गुण महागड्या साहित्यातून येत नाही, तो सवयीने येतो.

अपयश पचविण्याचा गुणही तसाच. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण अपयशी ठरले. १८ जुलै १९८० रोजी त्याच अग्निबाणाने 'रोहिणी' उपग्रह कक्षेत नेला. सप्टेंबर २०१९ मध्ये 'चंद्रयान-२'चा लँडर चंद्रावर आदळला. चार वर्षांत 'चंद्रयान-३' उतरले. मधल्या काळात चुका शोधल्या गेल्या, पाय अधिक मजबूत केले गेले, कार्यप्रणाली पुनःपुन्हा तपासली गेली. परीक्षेतील एका गुणासाठी घरातले वातावरण बिघडविणाऱ्या समाजात मुलांना चुकण्याची मोकळीक देणाऱ्या जागा किती उरल्या आहेत? फुटलेल्या पणतीला गुण नसतात, नापास हा शिक्काही नसतो. तिथे मूल तुकडे गोळा करते आणि दुसरी पणती मागते. हा संस्कार भाषणातून देता येत नाही.

या संदर्भात परंपरेविषयीही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या पूर्वजांचे खगोलज्ञान थोर होते, हे वाक्य व्यासपीठांवरून वारंवार उच्चारले जाते. ते खरेही आहे. मात्र ज्यांच्या नावाने अभिमान बाळगायचा, त्यांनी काय केले हे पाहिले तर ते मोजत होते, असेच दिसते. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. त्याच्या गोलाध्यायात यंत्रांवर स्वतंत्र प्रकरण आहे. शंकू, घटी, चक्र, चाप, फलक अशी यंत्रे सांगून झाल्यावर आचार्य या सर्वांहून श्रेष्ठ ठरवितात ते 'धी-यंत्र', म्हणजे बुद्धी. हाती एक साधी काठी असली तरी बुद्धीच्या बळावर दूरची उंची आणि अंतर मोजता येते, हे ते दाखवून देतात. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद चाळीसगावजवळील पाटणच्या शिलालेखात आजही वाचता येते. ओडिशातील चंद्रशेखर सामंत (१८३५–१९०४) यांनी तर दुर्बिणीशिवाय, लाकूड आणि बांबूच्या स्वहस्ते केलेल्या उपकरणांनी आयुष्यभर आकाश मोजले आणि 'सिद्धान्तदर्पण' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला.

ज्या समाजाच्या पूर्वजांनी काठीने आकाश मोजले, त्याच्या मुलांनी काठी हातात न घेता केवळ पूर्वजांचा जयजयकार करावा, ही त्या पूर्वजांची विटंबना नव्हे काय? शंकूचा प्रयोग तर महाराष्ट्रात आणि गोव्यात कुठेही करता येतो. अंगणात सरळ काठी रोवावी आणि दर पंधरा मिनिटांनी सावलीचे टोक खुणावीत जावे. सर्वांत आखूड सावली म्हणजे त्या गावाची खरी मध्यान्ह. तीच उत्तर-दक्षिण दिशाही दाखविते. संपूर्ण महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने येथील प्रत्येक गावी वर्षातून दोन दिवस मध्यान्ही ही सावली नाहीशी होते. सायंकाळच्या कार्यक्रमाआधी आठवडाभर मुलांनी या नोंदी कराव्यात आणि त्या दिवशी मांडाव्यात. परंपरेचा अभिमान असा मोजून दाखविता आला, की कुणाच्याही उपहासाला उत्तर देत बसण्याची वेळ येत नाही.

अशी सायंकाळ विनामूल्य का असावी, याचे उत्तर दूरच्या एका उदाहरणात सापडते. सॅन फ्रान्सिस्कोची वेदान्त सोसायटी स्वामी विवेकानंदांनी १९०० साली स्थापन केली. तिच्या मठात १९४४ साली जॉन डॉब्सन नावाचा रसायनशास्त्राचा पदवीधर दाखल झाला. विश्व कसे आहे हे पाहायचे असेल, तर ते सर्वांना पाहता आले पाहिजे, या ध्यासाने त्याने टाकाऊ काच हाताने घासून आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि प्लायवुडच्या पेट्या वापरून दुर्बिणी उभ्या केल्या. १९६७ साली त्याला मठ सोडावा लागला. पुढल्याच वर्षी पदपथावर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र आणि शनी दाखविणाऱ्यांची मंडळी त्याच्याभोवती उभी राहिली. आपल्या रचनेचे पेटंट त्याने घेतले नाही. २०१४ साली तो निवर्तला, पण जगभरातील हौशी खगोलनिरीक्षक आजही 'डॉब्सोनियन' दुर्बीण वापरतात. आकाशाला तिकीट नसते, एवढेच त्याचे म्हणणे होते.

महाराष्ट्रालाही हा वारसा नवा नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून सामान्यांना आकाश दाखवीत आली आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून विज्ञान मराठीत सांगत आहे. डॉ. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या 'आयुका'च्या परिसरात मुलांसाठी 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' आहे. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या तिच्या वास्तूला सप्तर्षींमधील एका ताऱ्याचे, 'पुलस्त्य' हे नाव दिले आहे. तेथेच अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून हजारो मुलांच्या हाती विज्ञान दिले. नारायणगावजवळ खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिशांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तेथे विज्ञान दिनी सामान्य माणसांसाठी दारे खुली होतात आणि शाळकरी मुले आपले प्रयोग मांडतात. प्रश्न एवढाच की, ज्याला पुणे-मुंबईला जाता येत नाही त्या मेळघाटातील, गडचिरोलीतील किंवा शहरातल्याच नाल्याकाठच्या वस्तीतील मुलाने काय करायचे? इस्रोचा 'युविका'सारखा उपक्रम उत्तम आहे, परंतु तो निवडलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. निवड होण्यासाठी आधी आवड निर्माण व्हावी लागते आणि आवडीला प्रवेशपरीक्षा नसते.

विनामूल्य या शब्दाचीही राखण करावी लागेल. हल्ली 'मोफत विज्ञान शिबिर' असा फलक लावून पालकांचे दूरध्वनी क्रमांक गोळा करायचे आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवणीच्या प्रवेशासाठी त्यांचा पिच्छा पुरवायचा, असा व्यवसाय काही ठिकाणी बोकाळला आहे. तयार साहित्याचे खोके विकण्यासाठी प्रयोग दाखविणारेही आहेत. अशांना या सायंकाळी दारातूनच नमस्कार करावा. नोंदणी नको, विक्री नको, पुढाऱ्यांची छायाचित्रे असलेला फलक नको. पुठ्ठा, बाटल्या, जुन्या सीडी आणि रांगोळी घराघरांतून आणावी. ज्या घरातून बाटली आली, त्या घरातले मूल हक्काने येते.

एका सायंकाळने असे काय साधणार, असा प्रश्न व्यवहारी मंडळी विचारतील. तो रास्त आहे. एका सायंकाळने वैज्ञानिक तयार होत नाही. पण कुठल्या मुलाचे डोळे कोणत्या प्रयोगापाशी थांबले, हे त्या सायंकाळी कळते. जागरूक कार्यकर्त्याने अशी पाच नावे टिपून ठेवली, त्यांना पुढे ग्रंथालयाशी, एखाद्या शिक्षकाशी, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याशी जोडून दिले, तर सायंकाळ संपत नाही. विशेषतः मुलींकडे लक्ष असावे. पंपाभोवती मुलगे गर्दी करतात आणि मुली मागे राहतात, हे दृश्य नेहमीचे आहे. 'चंद्रयान-२'च्या प्रकल्प संचालक एम. वनिता आणि मोहीम संचालक रितू करिधल होत्या, 'आदित्य-एल१'च्या प्रकल्प संचालक निगार शाजी होत्या, हे तेव्हा नुसते सांगू नये. पंप मुलीच्या हाती द्यावा.

दुसरी अडचण निसर्गाची. २३ ऑगस्ट म्हणजे महाराष्ट्रात ऐन पावसाळा. त्या रात्री तारे दिसतीलच याची खात्री कोण देणार? म्हणूनच त्या दिवसाचा भर छताखालच्या प्रयोगांवर असावा. आकाशदर्शनाची दुसरी सायंकाळ हिवाळ्यात किंवा २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, निरभ्र आकाशाखाली घ्यावी. तेव्हा मृग नक्षत्र संध्याकाळीच डोक्यावर असते. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये वेदकाळाचा मागोवा घेताना ज्या मृगाचा आधार घेतला, तो मुलांनी निदान ओळखावा. सावधगिरी एवढीच की, सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून कुणालाही पाहू देऊ नये.

स्थळाचा आणि मनुष्यबळाचा प्रश्न तर महाराष्ट्रात पडूच नये. सार्वजनिक गणेशोत्सवाची मंडळे गल्लोगल्ली आहेत. २०२३ च्या उत्सवात कितीतरी मंडळांनी चंद्रयानाचे देखावे उभारले, लोकांनी रांगा लावून ते पाहिले. देखावा दोरीपलीकडून पाहायचा असतो. त्याच मंडपात, त्याच कार्यकर्त्यांनी एक सायंकाळ दोरी काढून टाकली आणि मुलांच्या हाती पुठ्ठा, कात्री आणि बाटली दिली, तर लोकमान्यांना अभिप्रेत असलेल्या लोकशिक्षणाच्या जवळ ते मंडळ नक्कीच जाईल.

राकेश शर्मा १९८४ साली अवकाशात गेले. त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोहोचणारे पहिले भारतीय ठरले. २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीयाचे पाऊल, असे उद्दिष्ट देशाने जाहीर केले आहे. आज दहा-बारा वर्षांचे असलेले मूल २०४० साली ऐन पंचविशीत असेल. त्या यानाचे सांधे जोडणारा, त्याच्या इंधनाचा हिशेब मांडणारी, त्यात बसून जाणारा अशी सारी माणसे आज कुठल्या तरी शाळेच्या पाचवी-सहावीच्या वर्गात बसली आहेत. ती कोणत्या वस्तीत आहेत, हे कुणालाही ठाऊक नाही. म्हणूनच प्रत्येक वस्तीत सतरंजी अंथरावी लागेल.

चंद्रावर यान उतरताना टाळ्या वाजविणे सोपे असते. त्या टाळ्यांचा अधिकार पुढच्या पिढीलाही मिळावा, यासाठी आधी पाण्याने भरलेली एक बाटली, सायकलचा एक पंप आणि आपली एक सायंकाळ खर्ची घालण्याची तयारी हवी. येत्या अंतराळ दिनाला प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या शाखेचे, मंडळाचे किंवा सोसायटीचे अंगण त्यासाठी मोकळे करावे. साहित्य घरात आहे, मुले दारात आहेत.